रंग बाजूला ठेवून पाहा

टॅबवर चित्र रंगवणाऱ्या मुलांची एक सवय मला फार आवडते. चित्र अर्धंअधिक झालं, की ती सगळ्या थरांच्या वर एक काळा थर टाकतात आणि त्याचा मोड 'कलर' करतात. क्षणात रंग जातात, उरतो तो उजेड आणि अंधार. मग लक्षात येतं, की हिरव्या शेतात उभी केलेली लाल लुगड्यातली बाई दिसतच नाही! लाल आणि हिरवा एकमेकांपासून इतके वेगळे, पण दोघांची राखाडी छटा एकच. अशा वेळी रंग बदलायची गरज नसते. लुगडं थोडं गडद करायचं, नाहीतर शेत जरा फिकं. टॅब नसेल तर डोळे किलकिले करून बघावं. चित्रकार पूर्वीपासून तेच करत आले आहेत.

वाशिमकरांना तर ही गोष्ट घरचीच वाटावी. आपलं वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं करवून घेतलं. त्याचा शिलालेख आजही तिथे आहे. तिथल्याच पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवा. गेरू, पिवळी माती, काजळी असे मोजकेच रंग. तरी तो चेहरा भिंतीतून पुढे येतो, कारण नाकाच्या दांड्यावर फिकट छटा आहे आणि कडेला गडद. त्याचा फोटो काळा-पांढरा करून पाहा, चेहऱ्यावरची शांती जराही कमी होत नाही.

आपली रोजची कामंही रंग लेवूनच समोर येतात. कुणाचा फोन सारखा वाजतो, कुणाचा निरोप 'तातडीचा' म्हणून येतो. सगळंच भडक, म्हणून सगळंच महत्त्वाचं वाटतं. त्यात आईच्या संपत आलेल्या गोळ्या, लेकीनं दाखवायला आणलेली वही, शेजारच्या काकांना दिलेला शब्द ही कामं मागे राहतात. त्यांना भडक रंग नसतो, पण उजेड त्यांच्यावरच असतो.

आज घराबाहेर पडण्याआधी दिवसाकडे एकदा असे डोळे किलकिले करून बघा. जे काम तेव्हाही उजळ दिसेल, ते आधी हातात घ्या. बाकीचे फोन दुपारीही करता येतील.