समोरच्या संघालाही नाव असतं

लातूरच्या एका छोट्या दैनिकात मी दोन वर्षं बातमीदार होतो. क्रीडा पान माझ्याकडे आलं, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं. पान म्हणजे खरं तर अर्धंच. उरलेल्या अर्ध्यात कोचिंग क्लासच्या जाहिराती असायच्या, टॉपर पोरांच्या फोटोंसकट. लातूरला राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

एका रविवारी फुटबॉलची फायनल होती. आमच्या शहरातला एक संघ आणि नांदेडहून आलेला एक संघ. नांदेडच्या पोरांनी २-१ ने कप नेला. मी ऑफिसात आलो, चहा घेतला आणि बातमी लिहिली. मथळा होता : लातूरच्या संघाला उपविजेतेपद. आत आमच्या संघाचं पूर्ण नाव तीनदा आलं. कर्णधाराचं नाव, गोल करणाऱ्याचं नाव, प्रशिक्षकांचं नाव, बक्षीस देणाऱ्या नगरसेवकांचं तर पहिल्याच ओळीत. जिंकलेल्यांचा उल्लेख एकदाच होता : 'नांदेडच्या संघाने विजेतेपद पटकावले'.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. त्यांचा गोलकीपर होता. बातमीचं कात्रण कुणीतरी त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं.

"भाऊ, कप आम्हीच नेला ना?"

"हो, तुम्हीच."

"मग आमच्या टीमला नाव नाही का?"

मी जागेची अडचण सांगितली. तो म्हणाला, "दोन शब्दांचं नाव आहे, भाऊ." आणि फोन ठेवला. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणारा माणूस आपल्याला थोडी सुटका देतो.

त्यांच्या क्लबचं नाव उर्दू वळणाचं होतं, आणि त्यातला दुसरा शब्द त्यांच्या मोहल्ल्याचा होता. ते मला माहीत होतं. सामन्याच्या कागदावर व्यवस्थित लिहिलेलं होतं. गाळ म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. संपादकांनी तर ती बातमी वाचलीही नसावी. हात आपोआप 'नांदेडचा संघ' लिहून मोकळा झाला. आपोआप झालं म्हणून ते कमी माझं होतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. आता मला उलट वाटतं. विचार करून केलेल्या गोष्टीत निदान विचार तरी असतो.

गंमत अशी, की त्या बातमीत खोटं एक अक्षर नव्हतं. स्कोअर बरोबर, तारीख बरोबर, संघ खरोखर नांदेडचाच. पत्रकारितेच्या वर्गात शिकवतात ती सत्याची परीक्षा ती बातमी सहज पास झाली असती. तरी त्या गोलकीपरवर अन्याय झाला होता, आणि तो नेमका कसला, हे मला तेव्हा सांगता येत नव्हतं.

ते थोडं कळलं कोल्हापुरात. नोकरी सोडून तिथे काही महिने एका मित्राच्या खोलीवर राहिलो होतो. मराठवाड्यातल्या माणसाला कोल्हापूरचं फुटबॉल बघून आधी धक्काच बसतो. शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ खेळतात आणि अख्ख्या पेठा भांडतात. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. सकाळी चहाच्या गाड्यावर लोक पेपर मागून उघडतात, म्हणजे क्रीडा पान आधी.

त्या पानांवरच्या मथळ्यांची धाटणी बघा. 'दिलबहार'ची 'खंडोबा'वर मात. 'शिवाजी'ला रोखले. नाव एकेरी अवतरणात, आणि प्रत्यय बाहेर. मला आधी ती छपाईची सवय वाटली. मग लक्षात आलं, की त्या दोन टिंबांना तिथे मोठं काम आहे. अवतरण काढून वाचा : 'खंडोबाचा धुव्वा'. जेजुरीला जाणाऱ्याला ही ओळ सकाळी सकाळी चालेल का? आणि महाराजांच्या नावाच्या मंडळाची हार कोल्हापुरात कशी छापायची? हरतं ते मंडळ, नाव हरत नाही, हे ते अवतरणचिन्ह सांगतं. शिवाय मराठीत नामाला विभक्ती लागली की ते वाकतं. प्रत्यय अवतरणाबाहेर ठेवला की संघाचं नाव संघाने ठेवलं तसंच, सरळ उभं राहतं.

मी मित्राला म्हणालो, काय सुसंस्कृत पेपर आहेत तुमचे. तो हसला. "अरे, दोन्ही पेठा तोच पेपर घेतात. एकाचं नाव गाळलं तर दुसऱ्या दिवशी अर्धे अंक परत येतील."

हे उत्तर मला टोचलं. म्हणजे कोल्हापुरात दोन्ही संघ नावाने छापले जातात, कारण दोघेही गिऱ्हाईक आहेत. माझा गोलकीपर आमचा गिऱ्हाईक नव्हता. लातूरचा पेपर नांदेडच्या मोहल्ल्यात कोण घेतो? नाव घेणं हा जर नुसता धंद्याचा हिशोब असेल, तर माझं काही चुकलंच नाही. आणि चुकलं असेल, तर नाव घेण्याचं देणं गिऱ्हाइकापलीकडे कुणाचं तरी लागतं.

इथे उलट बाजूचं एक उदाहरण नीट पाहायला हवं, नाहीतर मी फार सोपं करतोय असं होईल. लंडनचा विम्बल्डन क्लब २००३ साली उचलून सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स शहरात नेला. पुढच्या वर्षी त्याचं नाव 'मिल्टन कीन्स डॉन्स' झालं. 'डॉन्स' हे विम्बल्डनचं जुनं लाडाचं नाव. मागे राहिलेल्या चाहत्यांनी २००२ मध्येच, स्थलांतराला परवानगी मिळाल्याबरोबर, 'एएफसी विम्बल्डन' हा नवा क्लब उभा केला होता. नव्या शहरातल्या क्लबला 'डॉन्स' म्हणायला त्यांची जीभ वळत नाही. तिथल्या स्थानिक वर्तमानपत्राने २०१२ मध्ये हा शब्द नावातून काढा म्हणून मोहीमही चालवली. २०१७ साली दोघांच्या सामन्याच्या पुस्तिकेत पाहुण्यांचं नाव नीट घेतलं नाही म्हणून लीगने विम्बल्डनवर आरोप ठेवले. ते लोक उद्धट आहेत, असं मला म्हणवत नाही. त्यांच्या मते ते नाव त्यांच्याच घरातून नेलेलं आहे. ते उच्चारलं की नेणं कबूल केल्यासारखं होतं.

म्हणजे नाव न घेणं दरवेळी क्षुद्रपणाच असतो असं नाही. कधी तो निषेध असतो. पण निषेध करणाऱ्याला आपण काय गाळतोय हे पक्कं माहीत असतं, आणि विचारलं तर तो कारण सांगतो. मला विचारलं तेव्हा मी जागेची अडचण सांगितली. नांदेडच्या पोरांनी आमचं काय नेलं होतं? एक कप, तोही खेळून.

मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. विधिमंडळाने १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावी दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांचा जीव घेतला गेला. नांदेडच्याच गौतम वाघमारे यांनी १९९३ च्या नोव्हेंबरात नामांतरासाठी आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्यानंतरही कितीतरी शहाणी माणसं नुसतं 'मराठवाडा विद्यापीठ' म्हणत राहिलेली मी लहानपणापासून ऐकली आहेत. विचारलं तर म्हणतात, नाव लांब आहे, सवय आहे. फुटबॉलच्या बातमीशेजारी हे ठेवणं जड वाटेल, मलाही वाटतं. दोन्हींचं वजन एक नाही. पण 'सवय आहे' आणि 'जागा नव्हती' ही सख्खी भावंडं आहेत, हे मला दिसायचं थांबत नाही.

माझ्या बाजूने बोलणारेही भेटले. एक जुने सहकारी म्हणाले, स्थानिक पेपरने आपल्या गावाकडून बोलू नये तर कुणी बोलावं? शिवाय लातूर-नांदेडचं तुला माहीतच आहे. माहीत आहे. महसूल आयुक्तालय कुठे व्हावं यावरून २००९ साली लातूर कसं पेटलं होतं, ते मी शाळकरी वयात पाहिलंय. आपल्या गावाचा पक्ष घेण्यात मला आजही काही गैर वाटत नाही. आमचा संघ हरला याचं दुःख मथळ्यात दिसलं असतं तरी चाललं असतं. उलट हरल्याची चांगली बातमी तशीच असते : कुणाकडून हरलो ते त्यात ठळक असतं. मी मात्र उपविजेतेपद असं लिहिलं, की जणू आम्ही कुणाशी खेळलोच नव्हतो.

आणि तो उर्दू शब्द. एखाद्या देवाचं किंवा महापुरुषाचं नाव त्या संघाला असतं, तर माझ्या हाताने ते गाळलं असतं का? या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे आणि ते मला आवडत नाही.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा जुन्या फोनमधून त्या गोलकीपरचा नंबर काढला. तो आता नांदेडला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. ओळख पटायला वेळ लागला. मी विचारलं, लेखात तुमच्या क्लबचं नाव लिहू का?

मागे कुणीतरी स्क्रीनगार्डचा भाव विचारत होतं. त्याला उत्तर देऊन तो परत आला.

"आता कशाला, भाऊ? टीम राहिली नाही. पोरं पुण्याला गेली, कुणी सौदीला. तेव्हा लिहायचं होतं."

म्हणून लिहिलेलं नाही.