आजार आणि अपराध

एकदा मनाने आजारी पडलेल्या माणसाच्या हाती मूल द्यावे काय? कोणी म्हणतो, मुळीच देऊ नये. कोणी म्हणतो, बिचाऱ्याला संधी द्या. दोघांनीही त्या माणसाकडे पाहिलेले नसते.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात पाळणाघरात किंवा खेळाच्या क्लबात मुलांसोबत काम करायचे तर 'ब्लू कार्ड' लागते. त्यासंबंधीच्या 2000 सालच्या कायद्यात मुलाचे हित सर्वांत वर मानले आहे. कार्ड नाकारले गेल्यास 2009 साली स्थापन झालेल्या राज्य न्यायाधिकरणाकडे फेरविचार मागता येतो. हे न्यायाधिकरण केवळ जुन्या निर्णयातील चुका शोधत बसत नाही. सारे प्रकरण नव्याने ऐकते आणि आज योग्य काय ते ठरवते.

समजा, भ्रमाच्या भरात एका स्त्रीने कोणाला मारले. तेथील मेंटल हेल्थ कोर्टाने ठरवले की त्या वेळी तिचे मन ठिकाणावर नव्हते, आणि खटला थांबला. कायद्याने ती अपराधी नाही. तरीही कार्ड मागताना ती घटना पुढे येते. हा अन्याय आहे काय? माझ्या मते नाही. शिक्षा देणे वेगळे, धोका तोलणे वेगळे. कार्ड नाही तर उपजीविका बुडेल, हे म्हणणेही तेथे टिकत नाही. आणि का टिकावे? मोठ्यांच्या पोटापाण्याची किंमत मुलाने का मोजावी?

परंतु धोका तोलणे म्हणजे रोगाचे नाव वाचून कागद बाजूला सारणे नव्हे. ती औषध नियमित घेते काय? आजार परततो आहे, याची चाहूल तिला लागते काय? लागली तर ती कोणाकडे धावते? उपचार करणारा डॉक्टर काय सांगतो? हे विचारल्याशिवाय दिलेला नकार म्हणजे विटाळच, फक्त सरकारी शिक्क्याचा.

शिवाय नुसत्या नावावर दार बंद झाले, तर लोक डॉक्टरकडे जातीलच कशाला? आजार लपवणाऱ्याचा कागद कोरा राहील आणि उपचार घेणारा बाहेर बसेल. कोऱ्या कागदावर निर्धास्त होण्याची खोड आपणा सर्वांनाच आहे. मुले मात्र कागदाजवळ नव्हे, माणसाजवळ असतात.

कधी नकार कायमही करावा लागेल. आपण आजारी होतो हेच ज्याला मान्य नाही, ज्याने उपचार सोडून दिले, त्याच्या हवाली मुले करू नयेत. मात्र त्याला कारण लेखी द्यावे, आणि ते त्याच्या वागण्यातले असावे. मग काय बदलले म्हणजे पुन्हा अर्ज करावा, हे त्याला कळेल.