भेगा आधीं, भांडीं मागून

यरुशलेमांतील मंदिराची योआश राजाच्या काळीं जी डागडुजी झाली ती राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायांत वर्णिली आहे. मंदिरास जागोजाग भेगा पडल्या होत्या. पैसा येत होता, काम होत नव्हतें. राजाच्या कारकीर्दीचें २३ वें वर्ष लागलें तरी भेगा तशाच. तेव्हां यहोयादा याजकानें एक पेटी घेतली, तिच्या झांकणास भोंक पाडलें व ती वेदीजवळ ठेविली. तींत जमलेला पैसा मोजून सुतार, गवंडी व पाथरवट यांस दिला जाई, आणि लांकूड व घडीव चिरे विकत घेतले जात. त्या पैशांतून रुप्याचे पेले किंवा कर्णे केले नाहींत, हें शास्त्र मुद्दाम नमूद करितें. आतां इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाचा २४ वा अध्याय उघडून पाहावा. तेथें असें आहे कीं, काम पुरें झाल्यावर उरलेला पैसा राजापुढें आणिला गेला व त्याचीं पात्रें केलीं. कित्येक वाचक येथें अडखळतात. आमच्या मतें येथें विरोध नाहीं, क्रम आहे.

हा क्रम दगडी भिंतीस जसा लागू, तसाच लोखंडी यंत्रासही लागू आहे. आणि गरिबाच्या घरीं तो चुकला तर कर्ज होतें. म्हणून एका दूरदेशच्या लहान यंत्राचें उदाहरण आज घेऊं.

अमेरिकेंत घराभोंवतालच्या जमिनीसाठीं लहान ट्रॅक्टर वापरितात. गवत कापणें, भाजीचा वाफा नांगरणें, हिवाळ्यांत वाटेवरील बर्फ लोटणें हीं त्याचीं कामें. त्यास तेथें बागेचा ट्रॅक्टर म्हणतात. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें १९६१ सालीं केंटकी राज्यांतील लुईव्हिल येथें कब कॅडेट नांवाचा असा ट्रॅक्टर करण्यास आरंभ केला. त्यास सात अश्वशक्तीचें, एकाच सिलिंडरचें, वाऱ्यानें थंड होणारें कोहलर इंजिन होतें. हें नांव आपल्यास अगदींच परकें नाहीं: याच कंपनीशीं भागी करून महिंद्र यांनीं १९६३ सालीं मुंबईंत ट्रॅक्टरचा धंदा मांडिला, आणि बी-२७५ हा ट्रॅक्टर आपल्या वडील शेतकऱ्यांच्या आठवणींत आहे. कब कॅडेटचा व्यवहार १९८१ सालीं दुसऱ्या कंपनीकडे गेला. परंतु बिडाचें तें इंजिन इतकें टणक कीं साठ वर्षांपूर्वींचे ट्रॅक्टर आजही गोठ्यामागें, झाडाखालीं, गवतांत रुतलेले सांपडतात व भंगाराच्या भावानें मिळतात.

असा ट्रॅक्टर बहुधा काम करून बिघडलेला नसतो. तो पडून राहून बिघडलेला असतो. टांकींतील पेट्रोल उडून जातें व मागें डिंकासारखा चिकट थर उरतो. तो कार्बुरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. पिस्टनच्या कड्या गंजून सिलिंडरला धरतात. पंख्यावरच्या पत्र्याखालीं उंदीर घरटें करितो. धन्यानें दिलेलें धन ज्या दासानें जमिनींत पुरून ठेविलें, त्याचें निदान नाणें तरी जसेंच्या तसें निघालें. यंत्र पुरून ठेविलें तर तेवढेंही निघत नाहीं.

आतां तो विकत घेणारा मनुष्य काय करितो? बहुतेक जण प्रथम रंगाचा डबा आणितात. मग नवी बैठक, नवे टायर. पैसा सरल्यावर इंजिन उघडावें, तों सिलिंडर चिरलेला! हीच चांदीच्या पेल्यांची गोष्ट. पहिला प्रश्न एकच असावा: यांत प्राण आहे काय? आणि त्याचें उत्तर मिळविण्यास फार थोडा पैसा लागतो. हात आणि धीर मात्र पुष्कळ लागतात.

प्रथम स्पार्क प्लग काढून त्या भोंकांतून दोन चमचे पातळ तेल सिलिंडरांत ओतावें व दोन-तीन दिवस तें मुरूं द्यावें. मग इंजिन हातानें फिरवून पाहावें. न फिरल्यास आणखी तेल, आणखी दिवस. हातोडा मारूं नये आणि दुसऱ्या गाडीस बांधून ओढूं नये. घाईनें येथें जी कडी मोडते ती एका आठवड्याच्या धीरानें वांचली असती. या इंजिनाच्या झडपा खालच्या ठोकळ्यांतच असतात, डोकें म्हणजे नुसतें झांकण. म्हणून अगदींच न हललें तर बोल्ट सोडून तें झांकण उचलावें व आंत डोळ्यांनीं पाहावें.

इंजिन फिरूं लागलें म्हणजे ठिणगीकडे वळावें. ठिणगी तोडणारे दोन लहान स्पर्शबिंदु पडून राहिल्यानें काळवंडतात. ते बारीक कागदानें घांसून त्यांमधील अंतर एका इंचाचे हजार भाग केले तर त्यांतील २० भाग ठेवावें. प्लगचें ३५ भाग. बॅटरीची ऋण तार सांगाड्यास जेथें जोडली आहे तेथील गंज व रंग खरवडून चकचकीत धातु काढावा. नवी बॅटरी आणून जें होत नाहीं तें पुष्कळदां या खरवडण्यानें होतें, आणि त्यास दमडी लागत नाहीं. या ट्रॅक्टरवर एक चमत्कारिक यंत्र आहे: तेंच पट्ट्यानें इंजिनास फिरवून चालू करितें, आणि इंजिन चाललें म्हणजे स्वतः त्याच्याकडून फिरून बॅटरी भरितें. पट्टा सैल असला तर बॅटरी मेल्यासारखें वाटतें. मनुष्य बॅटरी विकत घेतो, दोष पट्ट्याचा असतो.

पेट्रोलचें काम उघड्यावर, विस्तवापासून दूर करावें. जुनें सर्व काढून टाकावें. कार्बुरेटर सोडून त्याची वाटी व छिद्रें धुवावीं. छिद्रांत घालावयाची तार तांब्याची, मऊ असावी, नाहीं तर छिद्र मोठें होऊन इंजिन कायमचें अधाशी बनतें. रबरी नळी मात्र नवीच घ्यावी, व हल्लींच्या पेट्रोलांत मद्यार्क मिसळलेला असतो तो सोसणारी घ्यावी.

यानंतर एक काम असें आहे कीं जें टाळलें तर वरील सर्व व्यर्थ. पंख्यावरचा पत्रा काढून सिलिंडरभोंवतालच्या पात्यांतील घरटें व माती झाडून काढलीच पाहिजे. तें न करितां इंजिन चालू केल्यास तें सुरेख चालतें, घरची मंडळी टाळ्या वाजवितात. आणि वारा न पोहोंचल्यामुळें थोड्याच वेळांत तें आंतल्या आंत जळतें. जुनें तेलही चालू करण्यापूर्वींच बदलावें.

गंजलेल्या सुट्या भागांसाठीं महाग औषधें विकतात. धुण्याचा सोडा पाण्यांत विरघळवून, त्यांत गंजलेला भाग व एक जुना लोखंडी तुकडा परस्परांस न लागतां टांगावा. बॅटरी भरण्याच्या यंत्राचें ऋण टोंक गंजलेल्या भागास व धन टोंक तुकड्यास जोडावें. एका रात्रींत गंज सैल होतो. यांतून निघणारा वायु पेट घेणारा आहे, म्हणून हें बाहेर करावें. आणि तो तुकडा न गंजणाऱ्या पोलादाचा कधींही नसावा, कारण त्यांतून विषारी क्रोम पाण्यांत उतरतें.

कोणी विचारील, अमेरिकेंतील त्या यंत्राशीं आम्हांस काय कर्तव्य? बंधूंनो, वीज आल्यापासून आपल्या किती विहिरींवर तेलाचीं जुनीं इंजिनें पत्र्याखालीं पडून आहेत! तीं डिझेलचीं असल्यास त्यांत प्लग नसतो, तेव्हां ठिणगीचा भाग सोडावा. धीर, तेल, सफाई व खर्चाचा क्रम हीं तींच. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांत सांगितलें आहे कीं एके काळीं इस्राएल देशांत लोहारच उरला नव्हता. नांगराचा फाळ पाजवावयाचा झाला तरी पलिष्ट्यांकडे उतरून जावें लागे, आणि ते त्याचे दाम घेत. ज्यास स्वतःचा फाळ पाजवितां येत नाहीं तो शेजाऱ्याचा बांधील होतो. ज्यास जुनें इंजिन उघडतां येत नाहीं तो नव्या इंजिनासाठीं सावकाराच्या ओट्यावर बसतो. मंडळींतील दोन तरुणांनीं तरी हें काम शिकून घ्यावें, असें आम्ही उपदेशकांस आग्रहानें सुचवितों. रविवारच्या शाळेंतील चित्रांइतकाच त्याचा उपयोग होईल, कदाचित् जास्तही.

खर्चासाठीं यहोयादाची पेटीच बरी. एका डब्यास भोंक पाडावें, आठवड्यास जें सुचेल तें टाकावें, आणि डबा जेवढें म्हणेल तेवढेंच आणावें: प्रथम प्लग व स्पर्शबिंदु, मग तेल व नळी, मग पट्टा. मंदिराच्या कारागिरांकडे हिशेब मागत नसत, कारण ते विश्वासूपणें वागत. आपल्या घरीं हिशेब एका वहींत लिहिलेला बरा. विश्वासू मनुष्यास लिहिण्याचें भय नसतें.

ट्रॅक्टर चालू झाल्यावर प्रथम बिनभाराचा, मग हलक्या भाराचा चालवावा. पहिले कांहीं तास झाले म्हणजे तेल पुन्हा बदलावें. आंतील सैल झालेला गंज व मळ त्याबरोबर निघून जातो. दांत्यांच्या पेटींतील तेल दुधासारखें दिसल्यास आंत पाणी शिरलें आहे असें समजून तेंही काढावें. इतकें झाल्यावर डब्यांत कांहीं उरलें असेल तर रंग आणावा. मूळ कब कॅडेट पिवळा व पांढरा असे. लहान डबे दोन पुरतात.