आज्याचो वास

मुंबईच्या भाच्याने मे महिन्यात येताना अत्तराची एक बाटली आणली. जड काचेची, आणि किंमत आईच्या कानावर घालू नये इतकी. तंबाखू, लवंग, व्हॅनिला असा तिचा थाट. देवबागच्या उकाड्यात मी ते मनगटावर लावले आणि अर्ध्या तासात पस्तावलो. घामात ते असे फुगले की जेवणाच्या पानावरची सोलकढीसुद्धा गोड लागायला लागली. बाटली कपाटात गेली.

आषाढात, चार दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशीचा वास, अशा संध्याकाळी ती पुन्हा काढली. आता तेच अत्तर अंगाशी सरकून बसले. आधी लवंगेचा तिखट चटका, मग वाळल्या पानाचा गोडवा, आणि बऱ्याच वेळाने साखरेच्या पाकासारखे काहीतरी मऊ. आई माजघरातून बाहेर आली. "खयसून इलो रे ह्यो वास? ह्यो तर तुझ्या आज्याचो!"

आजोबा रापणीवर, मासे ओढायला, जायचे. त्यांचा पानाचा पितळी डबा अजून फळीवर आहे: अडकित्ता, चुनाळे, काताचा तुकडा, दोन-चार लवंगा आणि एका खणात तंबाखू. ती घाटावरून यायची. निपाणी ही विडीच्या तंबाखूची मोठी पेठ आणि तिथून फोंडा घाट उतरून थेट देवगडपर्यंत रस्ता, त्यामुळे आमच्या किनाऱ्यावर न पिकणारे हे पान घरोघरी होते. त्याआधी ते समुद्रानेच आणले होते म्हणा. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ते या किनाऱ्याला लागले, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेग नावाच्या मुघल दूताने विजापुरात पाहिलेली तंबाखू अकबराच्या दरबारात नेली. जहांगिराने पुढे 1617 मध्ये बंदीही घातली. बंदीचे काय झाले ते आजोबांच्या डब्याला विचारावे.

भाचा म्हणाला, अशा अत्तरांत पुष्कळदा तंबाखू नसतेच. मला आधी फसवल्यासारखे वाटले. मग वाचत गेलो. तंबाखूच्या पानाचा अर्क निघतो, वापरतातही; पण हा भास बऱ्याचदा दुसऱ्याच द्रव्यांनी उभा करतात. त्यात मुख्य कुमारिन. टोंका नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या बीमध्ये ते भरपूर असते. 1868 मध्ये विल्यम पर्किनने ते प्रयोगशाळेत बनवले. त्याचा वास कापून वाळत पडलेल्या गवतासारखा. गवताच्या उडवीत लपाछपी खेळलेल्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. खुद्द तंबाखूच्या हिरव्या पानालाही नुसताच हिरवा वास येतो. ते वाळवावे, मुरवावे लागते, तेव्हा त्यातली द्रव्ये फुटून हा उबदारपणा येतो. आमच्याकडे हे नवे नाही. वेंगुर्ल्याकडच्या सुरंगीच्या कळ्या वाळल्या तरी दरवळतात, आमसुले आणि आंब्याची साठे उन्हातूनच जन्माला येतात. कोकणातले निम्मे वास उन्हाने शिजवलेले असतात.

आजोबांचा वास तरी नुसत्या तंबाखूचा कुठे होता? त्यात लवंग होती, कात होता, रापणीच्या दोराचा खारा वास होता, खांद्यावरच्या पंच्याचा होता. आणि सुकत घातलेल्या बांगड्यांचा, तो कोणी बाटलीत भरणार नाही, हे एका अर्थी बरेच. एवढ्या साऱ्याला आम्ही 'तंबाखूचा वास' म्हणून मोकळे झालो होतो. अत्तरवाल्याने त्यातले तीन-चार धागे अचूक उचलले, आणि आईचे नाक उरलेले स्वतःहून विणत गेले.

अशी तंबाखूच्या वासाची अत्तरे तशी जुनीच; पॅरिसच्या कॅरॉन घराण्याचे 'ताबा ब्लाँ' 1919 सालचे. तेव्हा बायका उघड सिगारेट ओढू लागल्या होत्या, आणि त्या धिटाईला साजेसे म्हणून ते काढले. आमच्या आजीला त्यात धिटाई दिसली नसती. ती रोज सकाळी मिशरी लावायची, बाहेर पडवीत, शेजारणींशी बोलत. त्या मिशरीने तिच्या हिरड्यांची काय दशा केली तेही मी पाहिले आहे. म्हणून हा वास मला मोकळ्या मनाने आवडत नाही. बाटलीत निकोटिनचा धाक नाही, दाढेखालची जळजळ नाही, सगळे धुऊन पुसून सभ्य केलेले. आवडते ते नेमके तेच, आणि खुपतेही तेच.

आईला हे सगळे सांगितले नाही. तिने कापसाचा बोळा मागितला, त्यावर थेंब घ्यायला लावला, नाकाशी धरला. बाहेर माडांवर पाऊस कोसळत होता. बराच वेळ हुंगून तिने डबा फळीवरून खाली काढला, चुनाळे उघडून पाहिले. आत पांढरा खडबडीत थर तेवढा.

"आसा तोच," ती म्हणाली, "पण हेच्यात चुनो खय?"