पाहिले तिघांनी, थांबला एक



फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅपमुळे समाज खरोखर बदलू शकतो का, असा प्रश्न आपले तरुण विचारतात. उत्तरासाठी इजिप्तकडे पाहू या.

जून २०१० मध्ये अलेक्झांड्रिया शहरात खालिद सईद हा तरुण पोलिसांच्या मारहाणीत मरण पावला. 'आपण सारे खालिद सईद' या नावाने फेसबुकवर एक पान सुरू झाले. हजारो लोक त्याला जोडले गेले. २५ जानेवारी २०११ रोजी रस्त्यावर उतरण्याची हाक त्याच पानावरून देण्यात आली आणि माणसे कैरोच्या तहरीर चौकाकडे निघाली. २८ तारखेला सरकारने इंटरनेट बंद पाडले. तरीही गर्दी उलट वाढली, कारण आता शेजारी शेजाऱ्याला हाक मारत होता! मुस्लिम बांधव नमाज पढत असताना ख्रिस्ती तरुण हातात हात गुंफून त्यांच्याभोवती उभे राहिले. १८ दिवसांत राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक पायउतार झाले.

पण पुढे काय? हाक देणारे तरुण एकत्र आले होते; एकत्र टिकून काम करण्याची त्यांची घडी बसलेली नव्हती. जुलै २०१३ मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता हाती घेतली.

भल्या शोमरोन्याचा दाखला आठवा (लूक १०). वाटेवरचा जखमी माणूस याजकाने पाहिला, लेव्याने पाहिला, शोमरोन्यानेही पाहिला. थांबला मात्र शोमरोनी. त्याने जखमा बांधल्या, उतारशाळेत दोन दिनार मोजले आणि परत येण्याचा शब्द दिला. दूरचे दुःख आपल्या डोळ्यांपुढे आणणारी ही नवी साधने देवाची देणगीच आहेत. परंतु थांबणे, झळ सोसणे, परत येणे हे आपल्यालाच करावे लागते. परमेश्वरानेही केवळ निरोप धाडला नाही. देह धारण करून तो आपल्यात राहिला.

या आठवड्यात कुणाच्या आजाराचा किंवा रक्ताच्या गरजेचा निरोप मोबाईलवर आला, तर पुढे पाठवण्यापूर्वी स्वतःला विचारा, 'मी जाऊ शकतो का?' जोडलेल्या हातांचे चित्र पाठवायला क्षणही लागत नाही. आपल्याच आळीतल्या एका एकाकी वृद्धाच्या घरी जा, थोडा वेळ बसा. पुढच्या रविवारी मिस्सानंतर पुन्हा जा. बदल तिथून सुरू होतो.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू