साहित्याचे अध्ययन आणि चिरनेरची साक्ष

पूर्वी पनवेलच्या आणि आता उरणच्या हद्दीत मोडणाऱ्या चिरनेर गावातील एक मुलगी, पदवीसाठी मराठी साहित्य घ्यावे की वाणिज्य शाखेकडे वळावे या विवंचनेत, जन्मभर शाळेत मराठी शिकविलेल्या आपल्या मामांकडे आली. पात्रे कल्पित असली तरी त्यांच्यापुढचा पेच आज अनेक घरांतला आहे.

भाची : मामा, आईचे म्हणणे असे, की शेते गेली, न्हावा-शेव्याला बंदर झाले, आता हिशेब जाणणाऱ्यालाच थारा आहे, मग कविता वाचण्यात तीन वर्षे कशासाठी घालवायची? मला लिहायचे आहे हे तुम्ही जाणता. पण बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, अण्णा भाऊंना शाळा लाभली नाही, तरी त्यांचे काही अडले नाही. लिहिणे वर्गात शिकता येते का?

मामा : आईचा प्रश्न आधी घेऊ, कारण पोटाच्या प्रश्नाला बगल देऊन केलेली साहित्यचर्चा ही सुखवस्तूंची करमणूक ठरते. साहित्याची पदवी ही चरितार्थाची सनद नव्हे. केशवसुतांनी शिक्षकी केली, मर्ढेकर आकाशवाणीच्या नोकरीत होते, सुर्व्यांनी गिरणीत आणि शाळेत शिपायाची कामे केली. तूही नोकरी करशील, आणि त्यात लेखनाला कमीपणा नाही. राहिल्या बहिणाबाई. त्यांना अक्षर येत नव्हते, पण जात्यावरची ओवी लहानपणापासून कानांवर पडून त्यांच्या अंगी मुरली होती. तीच त्यांची शाळा. आणि त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती गाणी जपली नसती, अत्र्यांनी ती १९५२ साली प्रकाशात आणण्याचा ध्यास घेतला नसता, तर आज तुझ्या ओठी त्यांचे नाव आले असते का? निरक्षर प्रतिभेलाही आपल्यापर्यंत पोहोचण्यासाठी साक्षर हातांची गरज लागली, हे विसरू नकोस.

भाची : पण त्या साक्षरतेचेच मला भय वाटते. आपल्या घरी आगरी बोलतात. वर्गात तसे बोलले तर मुले हसतात. तीन वर्षांत माझी जीभ इतकी घासून गुळगुळीत होईल, की आजीचे बोलणे मलाच परके वाटू लागेल.

मामा : भय खरे आहे, आणि त्याला बळी पडलेले विद्वान मी पाहिले आहेत. पण अभ्यासक्रमाची दुसरी बाजूही पाहा. प्राचीन मराठी वाङ्मय शिकताना तेराव्या शतकातील महदाइसेचे धवळे तुझ्यापुढे येतील. श्रीगोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्यात गाइलेली ती गीते मराठीतील आद्य कवयित्रीची रचना म्हणून तू टिपून घेशील. आता आपल्या लग्नातला मांडव आठव : नवरीला हळद लागते आहे, जवळ बसलेली धवलारीण विधीगणिक धवला सुरू करते, आणि तिच्यामागून बायका तो उचलून धरतात. जे ग्रंथात सन्मानाने बसले आहे त्याचेच भावंड आपल्या अंगणात जिवंत आहे, हे ओळखण्याची दृष्टी ज्या अध्ययनाने येते, ते तुझी बोली हिरावून घेणार नाही. उलट तिच्याविषयीची तुझी लाज घालवील. मात्र धवलारणीला घरी ठेवून एकट्या महदाइसेला वर्गात नेलेस, तर तुझे भय खरे ठरेल.

भाची : मग खरा पेच सांगते. २५ सप्टेंबर १९३० रोजी आपल्या चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, त्यात हुतात्मा झालेल्या नाग्या महादू कातकरी यांच्यावर मला लिहायचे आहे. पण मी आगरी घरातली, ते कातकरवाडीतले. त्यांच्या तोंडी शब्द घालण्याचा अधिकार मला कोणी दिला?

मामा : हा प्रश्न पडला, इथेच तुझे साहित्याचे शिक्षण सुरू झाले. नाग्याबद्दल स्मारकाच्या दगडावर नाव मिळेल, सरकारी दप्तरात गुन्ह्याची हकीकत मिळेल. पण दप्तर मुख्यतः सरकारने विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे जपते. जंगलावर जगणाऱ्या माणसाला त्याच जंगलात कोयता चालविण्याची बंदी झाली तेव्हा त्याच्या चुलीचे काय झाले, हे त्याला कोणी विचारले असेल? कागद काय सांगतो आणि काय गिळून बसतो, हे ताडण्याची सवय महाविद्यालय लावू शकते. शिवाय त्याच दिवशी मामलेदार जोशीही मारले गेले. त्यांच्याही घरी कोणी वाट पाहत असेल, याची जाणीव तुझ्या लेखनात नसेल तर ते पत्रक होईल, साहित्य होणार नाही.

भाची : जाणीव आली, तरी अधिकार येतो का?

मामा : आपोआप येत नाही. निवेदन कोठे उभे राहून करावे हे वर्गात शिक, आणि जिथे तू नव्हतीस तिथे उभी असल्याचा आव आणू नकोस. विचारत फिरणारी मुलगी म्हणूनच लिही. कातकरवाडीत जा, ऐक, लिहिलेले त्यांना वाचून दाखव, आणि ते ‘असे नव्हते’ म्हणाले तर कितीही आवडते वाक्य असो, काढून टाक. हा अधिकार जन्माने मिळत नाही, पदवीनेही नाही. तो ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याकडूनच पुनःपुन्हा मागून घ्यावा लागतो.

भाची : म्हणजे प्रवेशाचा अर्ज मराठीसाठीच भरू?

मामा : भर. आईशी मी बोलतो. महाविद्यालय तुला वाचनाची शिस्त देईल, साक्षीदार मात्र गावातच शोधावे लागतील. या दोहोंपैकी एकालाही अंतरलीस, तर नाग्यावर लिहू नकोस.