वाटणीपत्रात नसलेली माशी

वाईजवळच्या एका गावात दोन भावांची वाटणी झाली. घर दुभागलं, विहिरीच्या पाण्याचे वार ठरले आणि पाऊण गुंठ्याच्या परसात मधोमध तारेचं कुंपण आलं. अळूचं आळं थोरल्या जावेकडे गेलं, कढीपत्ता धाकटीकडे. गवती चहाचा ठोंब नेमका कुंपणाच्या रेघेत आला, तोही कुदळीने फोडून दोन्हीकडे लावला. सासूबाई तेवढ्या दोघींच्या राहिल्या. एक महिना इकडे, एक महिना तिकडे.

धाकटीचा कामाला हात उरकता. वाफे आखीव, तण शोधून सापडायचं नाही. कोथिंबीर तुऱ्यावर येऊ लागली की ती उपटून तिथे मेथी टाकायची. मेथी महिन्याभरात खुडायला येते, जागा रिकामी राहत नाही. थोरलीच्या वाफ्यात मात्र माघ लागला तरी धण्याचे पांढरे आणि शेपूचे पिवळे तुरे डोलत असायचे. "अक्कांनी जागा फुकट अडवून ठेवलीय," असं धाकटी नवऱ्याला म्हणायची. थोरलीचं माहेर महाबळेश्वरच्या डोंगरातलं, मांघरच्या बाजूचं. 2022 साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालेलं ते हेच मांघर. त्या भागात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या राखणारी घरं बरीच. फुलावर आलेलं उपटायचं नाही, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्या माघात आभाळ भरून राहिलं आणि कुंपणावरच्या पावट्याला मावा पडला. कोवळे शेंडे काळे, चिकट झाले आणि वेलावरून मुंग्यांची रांग वर-खाली सुरू झाली. मावा जो गोड चिकटा सोडतो तो मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या माव्याची राखणच करतात. धाकटीला शेंड्यांवर आणखी काही दिसलं. नखाएवढ्याही नसलेल्या, काळ्या, अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या, मगरीसारख्या अळ्या. मावा राहिला बाजूला, तिला किळस आली ती या अळ्यांची. तिने दुकानातून औषध आणलं आणि सकाळी सकाळी सगळं कुंपण फवारून काढलं.

तिसऱ्या दिवशी शेंडे स्वच्छ. पंधरवड्यात मावा परत आला, आधीपेक्षा दाट. पुन्हा फवारा झाला. मग दर आठवड्याला पंप पाठीवर. हे असंच होणार होतं. माव्याच्या माद्या नराशिवाय पिल्लं घालतात आणि ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः व्यायला लागतात. त्यांना खाणाऱ्या किड्याला अंड्यातून मोठं व्हायला तीन-चार आठवडे लागतात. दोघांना एकदम मारलं की आधी मावाच उभा राहतो.

शिमग्याच्या सुमारास भोपळ्याचे वेल फुलले. आधी नुसती नर फुलं येतात, तशी आली. मग सुपारीएवढा भोपळा देठाशी घेऊन मादी फुलं आली. आणि ती सुपारी दोन-चार दिवसांत पिवळी पडून गळू लागली. धाकटीने शेणखत घातलं, पाणी वाढवलं. गळ थांबेना. एके दिवशी तिने कुंपणापलीकडे पाहिलं तर तिथेही वेलाखाली तोच सडा.

वाटणीनंतर दोघींचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं. तरी तिने विचारलं, "अक्का, तुमचेही गळतायत?"

"गळतायत की."

"पण तुम्ही तर काही फवारत नाही."

"मी नाही फवारत. पण माशी काय एकाच बाजूला बसते होय?" थोरलीच्या आवाजात राग नव्हता. "आठ दिवस झाले बघ, वेलावर एक फिरकली नाही."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी दोघींना उजाडताच परसात उभं केलं. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, ते पुन्हा उघडत नाही. त्याचा पराग जड आणि चिकट, वाऱ्याने उडत नाही. धाकटीच्या वेलावर त्या दिवशी तीन मादी फुलं होती, नर एकही नाही. सासूबाईंनी थोरलीच्या वेलाचं नर फूल खुडलं, पाकळ्या सोलून टाकल्या आणि मधला दांडा तारेतून धाकटीच्या हाती दिला. "हलक्या हाताने फिरव. सगळीकडून लागू दे." पुढे ते तिन्ही भोपळे धरले.

"आज आपण केलं," सासूबाई तेव्हा म्हणाल्या, "पण रोज पहाटे तुझ्या वेलापाशी कोण बसणार? ज्यांचं काम होतं त्यांना तू घालवलंस." मग त्यांनी थोरलीच्या शेपूची एक काडी वाकवून दाखवली. तिच्यावर तीच काळी अळी होती, आणि शेजारच्या काडीवर लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा.

"ही याचीच?" धाकटीने विचारलं.

"याचीच. मोठा झाला की दिवसाला पन्नासएक मावा खातो. पावट्यावर ती मावा खायलाच आली होती."

धाकटी त्या काडीपाशी बराच वेळ बसून राहिली.

कुंपण अजून आहे, वाटणीही जिथल्या तिथे आहे. पण धाकटीच्या वाफ्याच्या कडेला आता धण्याची एक ओळ फुलावर सोडलेली असते. मावा दिसला तर ती आधी लडबडलेले शेंडे खुडते, पाण्याच्या जोरदार धारेने वेल धुते. तेवढ्याने भागलं नाही तर लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, माश्या घरी परतल्यावर संध्याकाळी फवारते. आणि त्याआधी कुंपणाशी जाऊन अक्कांना सांगते.

तुमची बाग गॅलरीतल्या चार कुंड्यांची असेल, तरी शेजारच्या गॅलरीत जाणारी माशी तीच असते. कोथिंबिरीच्या चार काड्या तुऱ्यावर येऊ द्या. आणि औषधाची बाटली उघडण्याआधी शेंड्यावर कोण बसलंय, ते एकदा वाकून नीट बघा.